लक्ष्मीनगरातला उताऱ्यांचा वर्ग : नाव झाकून वाचायची शिकवणी

ज्यांना ज्यांना या वर्गाबद्दल सांगितलं, त्यांनी सगळ्यांनी आधी एकच विचारलं, 'म्हणजे नेमकं शिकवतात काय?' तर तेच आधी सांगून टाकतो. नागपूरच्या लक्ष्मीनगरात, आठ रस्ता चौकापासून थोडं आत, एका निवृत्त प्राध्यापक मॅडमच्या घरी खालच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी आठ ते दहा हा वर्ग भरतो. आठ रविवारांची एक बॅच, फी 1,800 रुपये, झेरॉक्स त्यातच. दारावर पाटी नाही. नाव आणि नंबर कुठे टाकू नका अशी मॅडमची ताकीद आहे, म्हणून मीही टाकत नाही.

दर रविवारी हातात एक कागद मिळतो. त्यावर दहा-बारा ओळी. वर लेखकाचं नाव नाही, खाली पुस्तकाचं नाव नाही, साल नाही. प्रश्न दोनच. हा लिहिणारा माणूस एरवी बोलतो कसा? आणि आत्ता, या ओळींत, कोणत्या सुरात बोलून राहिला? पहिलं म्हणजे आवाज, दुसरं म्हणजे सूर. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं डोक्यात शिरायलाच अर्धी बॅच जाते. पण एकदा शिरलं की पेपरातला अग्रलेख काय आणि सोसायटीच्या फलकावरची नोटीस काय, पहिल्यासारखं वाचता येत नाही.

मी धंद्याने अर्जनवीस. सिव्हिल लाइन्समध्ये झाडाखाली माझं टेबल आहे. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि एक रडका प्रिंटर. उत्पन्नाचा दाखला, वारस नोंद, प्रतिज्ञापत्र, भाऊबंदकीतल्या हरकती. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडून लिहितो, आणि ती सगळी तोंडं कागदावर एकाच माणसाची होतात. 'उपरोक्त विषयास अनुसरून', 'सबब', 'सदरहू'. त्यामुळे हा वर्ग माझ्यासाठी करमणूक नव्हता. जे मी रोज पुसतो तेच ही बाई शोधायला शिकवते, असं एका वकील मित्राकडून कळलं आणि नाव घातलं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर शब्दांची एक रांग लिहिली: साधी, सोपी, ओघवती, चित्रदर्शी, हृदयस्पर्शी, मनाला भिडणारी, वाचकाला खिळवून ठेवणारी. म्हणाल्या, हे शब्द या हॉलमध्ये वापरायचे नाहीत. दहावीच्या रसग्रहणापासून आपण हेच लिहीत आलोय आणि याला मार्कही मिळतात, कारण ते कोणत्याही उताऱ्याला लागू पडतात. आणि जे कशालाही लागू पडतं ते वाचून काय कळणार? त्याऐवजी कोणी काहीही म्हटलं की मॅडमचं एकच वाक्य: 'बोट ठेवा.' उपरोध वाटला? कोणत्या शब्दावर? बोट ठेवा. माया वाटली? ठेवा बोट. बोट ठेवता आलं नाही तर ते मत तुमचं, उताऱ्याचं नाही. मागच्या रांगेतल्या एका पोराने उतारा गुपचूप मोबाइलमधल्या यंत्राला विचारला, तर त्याने उत्तर दिलं की भाषा साधी, ओघवती आणि हृदयस्पर्शी आहे. मॅडम दोन मिनिटं हसत होत्या.

आता एक उतारा इथे देतो. मॅडमनी वर्गासाठी स्वतः लिहिलेला आहे आणि द्यायची परवानगी आहे.

'काकांनी घर बांधलं ते कर्ज काढून. कर्ज फेडलं ते घर विकून. मधल्या काळात वास्तुशांत मात्र दणक्यात झाली.'

तीनच वाक्यं. यावर आम्ही पाऊण तास काढला. सूर थट्टेचा आहे हे सगळ्यांनी लगेच सांगितलं. बोट? कोणी 'दणक्यात'वर ठेवलं. मॅडमनी 'दणक्यात' खोडून 'थाटात' लिहिलं. थट्टा तशीच राहिली. मग 'मात्र' खोडून 'तेवढी' लिहिलं: 'मधल्या काळात वास्तुशांत तेवढी दणक्यात झाली.' झालं! थट्टा गेली आणि कीव आली. बिचाऱ्या काकांच्या पदरात एक वास्तुशांत तेवढी पडली. एक शब्द बदलला आणि लिहिणारा काकांच्या समोरून उठून काकांच्या शेजारी जाऊन बसला. मग 'काकांनी'च्या जागी 'एका गृहस्थाने' घातलं. आता थट्टा परत आली, पण थंड. घरातल्या माणसाची चेष्टा आणि परक्याची चेष्टा यांतला फरक नात्याच्या एका शब्दाने पडतो, हे बोलताना आपल्याला माहीत असतंच. कागदावर ते कुठे बसलंय, ते असं उचकून पाहावं लागतं.

मग दुसरा कागद आला.

'आजी गेली ती दुपारी. आम्हाला कळलं ते संध्याकाळी. मधल्या काळात तिच्या हातचं वरण आम्ही सगळे डबा उघडून जेवलो होतो.'

मॅडमनी विचारलं, लेखक एक की दोन? प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा ठामपणे म्हणाला, दोन. पहिला विनोदी, दुसरा करुण. बरेच जण त्याच्या बाजूने. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका मात्र दोन्ही कागद शेजारी धरून बसले होते. ते म्हणाले, 'मॅडम, हा माणूस एकच आहे. याला दोन टोकं सांगायची आणि मग मधलं सांगायचं, अशी खोड आहे.' हाच तो फरक. 'बांधलं ते', 'गेली ती', 'कळलं ते', आणि तिसऱ्या वाक्यात 'मधल्या काळात': ही त्या माणसाची बोलायची ठेवण. विषय बदलला, मन बदललं, तरी ठेवण बदलली नाही. तो आवाज. आणि काकांवर हसणं, आजीपाशी गप्प होणं, हा सूर. आवाज माणसाबरोबर राहतो, सूर प्रसंगाबरोबर येतो-जातो. आजीच्या उताऱ्यात 'दुःख' हा शब्द नाही, रडणं नाही, भावनेचं विशेषण तर एकही नाही. वरण आहे. बोट ठेवायचं तर त्या वरणावर.

या एका रविवारासाठी मी 1,800 रुपये पुन्हा देईन.

जुन्या मराठीचे उतारेही असतात आणि ते देताना मॅडम एक युक्ती करतात. सगळं आजच्या शुद्धलेखनात टाइप करून देतात. 1962 च्या नियमांनी कितीतरी अनुस्वार गेले. त्याआधीचा मजकूर जसाच्या तसा दिला तर डोक्यावरचे टिंब पाहूनच 'जुनं आहे' हे कळतं आणि कानाला काम उरत नाही. कधीकधी विरामचिन्हंही काढून टाकतात. स्वल्पविराम-पूर्णविराम आपल्याकडे इंग्रजी छपाईच्या वळणाने आले, कोशाचं काम करणारे इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. ती नसली की वाक्य कुठे थांबतं ते मोठ्याने वाचून शोधावं लागतं. त्यात आवाज आपोआप सापडतो, कारण श्वास कुठे घ्यावा लागतो ते कळतं.

अशा एका रविवारी दोन रागावलेली माणसं समोरासमोर ठेवली होती. एकाची वाक्यं आखूड, फटके मारल्यासारखी, आपल्याच लोकांना झापणारी. दुसऱ्याची वाक्यं लांबलचक, एका वाक्याच्या पोटात दुसरं, त्याच्या पोटात तिसरं, आणि शेवटी समोरच्याला हसत हसत आडवं करणारी. राग दोघांनाही आहे, आवाजाचा मेळ कुठेच नाही. पहिले लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख; सरकारी नोकरीतला हा माणूस 1848 पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात टोपणनावाने पत्रं लिहीत होता. दुसरे विष्णुशास्त्री चिपळूणकर, 1874 साली 'निबंधमाला' सुरू करणारे, ज्यांनी पुढे याच लोकहितवादींवर सडकून टीका केली. भांडणातला मुद्दा काय होता ते बाजूला ठेवून नुसतं वाक्य कसं चालतं ते पाहायचं, हे मला तरी नवीन होतं. आमच्या धंद्यात अर्जदार आणि गैरअर्जदार दोघांचेही कागद कधी कधी मीच लिहितो, त्यामुळे भांडणाचे दोन आवाज ऐकायची सवय नाही. (हे वकील मित्राला सांगू नका.)

आणखी एक उतारा आठवतो. पुरुषांना थेट समोर उभं करून प्रश्नामागून प्रश्न. उत्तराची वाट पाहायला जागाच नाही. 'मला असं वाटतं' वगैरे मखलाशी नाही. बँकेत काम करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, हे गेल्या वर्षा-दोन वर्षांत कोणीतरी लिहिलेलं दिसतं. नाव उघडलं तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, 1882, 'स्त्री पुरुष तुलना'. 'अरे, आपल्या विदर्भातल्या!' असा गलका झाला. मॅडम म्हणाल्या, 'गाव मागाहून. आधी सांगा, आजचं का वाटलं?' उत्तर रेल्वेवाल्या काकांनीच दिलं: बाई वाचकाला 'तुम्ही' म्हणून अंगावर घेते, 'स्त्रिया', 'पुरुष' अशा तिसऱ्या माणसाबद्दलच्या गोष्टी सांगत बसत नाही. एवढा एक रोख बदलला की दीडशे वर्षांचं अंतर ऐकू येत नाही. शेवटच्या रविवारी लीळाचरित्रातल्या काही ओळी होत्या, तेराव्या शतकातल्या, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या. भाषा ओळखायला कष्ट नव्हते. गंमत अशी की ते लिहिणारे म्हाइंभट जे घडलं ते सांगतात आणि बाजूला होतात. चांगलं-वाईट काही म्हणत नाहीत. मत न देणं हाही सूर असू शकतो, हे तिथे दिसलं. त्यावर खरं तर आणखी बोलायला हवं होतं, पण घड्याळात दहा वाजले.

बारीक शब्दांचा जो रविवार होता तो मला सर्वांत जवळचा. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: नळाला पाणी आलं. खाली: नळाला पाणी आलं म्हणे. मग: नळाला पाणी आलं की. मग: आलं बाई एकदाचं नळाला पाणी. बातमी एकच. पण पहिला माणूस सांगून मोकळा होतो. दुसरा जबाबदारी घेत नाही. त्याने कुठून तरी ऐकलंय आणि त्याचा विश्वासही नाही. तिसरा तुम्हाला खोडून काढतोय, तुम्ही नुकतंच 'आलं नाही' म्हणालात. चौथीची सकाळ कशी गेली असेल ते विचारूच नका. 'म्हणे', 'की', 'च', 'तर', 'बरं का' ही चिल्लर आपण मोजत नाही, पण मराठीत सूर बऱ्याचदा या चिल्लरीतच असतो. तसंच आदरार्थी बहुवचन. 'साहेब आले, बसले, चहा घेतला आणि गेले' यात आदर किती आणि राग किती, हे पुढच्या-मागच्या वाक्याशिवाय सांगता येत नाही.

तिथूनच विषय मोजणीवर गेला. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने 1787-88 मध्ये 'पब्लियस' या टोपणनावाने 85 लेख छापून आले होते. लिहिणारे तिघं: हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे. त्यातले 12 लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, यावर वाद चालू राहिला. 1964 मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी असेच क्षुल्लक शब्द मोजून ते मॅडिसनच्या पारड्यात टाकले. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन सढळ हाताने वापरायचा, मॅडिसन क्वचितच. विषयाचे मोठे शब्द माणूस विचार करून निवडतो, हे बारके शब्द हातातून आपसूक पडतात. रेल्वेवाल्या काकांनी पुढच्या आठवड्यात दोन स्तंभलेखकांची कात्रणं आणली, 'आणि' व 'व' वेगवेगळ्या पेनांनी गोल करून. एकाच्या कात्रणात 'व' जवळपास नव्हताच. मी घरी माझे जुने अर्ज काढून पाहिले. माझ्यात 'आणि' नाही, 'सबब' मात्र जागोजागी. पण मॅडमनी लगेच लगाम घातला. मोजणीला हजारो शब्द लागतात, दहा ओळींत ती चालत नाही. आणि मोजणी फार तर कोणी लिहिलं ते सांगते. तो चिडलाय की चिडवतोय ते सांगत नाही. ते कानालाच करावं लागतं.

याचा धंद्यावर परिणाम झाला का? थोडा झाला. एक आजी पेन्शनच्या चौकशीचा अर्ज लिहून घ्यायला आल्या होत्या. कोणत्या कार्यालयाच्या नावे ते सोडा. मी विचारलं, काय लिहू? त्या म्हणाल्या, 'मी जिती आहो, साहेब. कागदात मेली असन तं तेवढं दुरुस्त करा.' एरवी मी 'अर्जदार हयात असून तशी नोंद घेण्यात यावी' असं टाइप करून वीस मिनिटांत मोकळा झालो असतो. ते टाइप केलंच, कारण कार्यालयाला तेच समजतं. पण खाली, अंगठ्याच्या वर, आजींचं वाक्य अवतरणचिन्हांत जसंच्या तसं ठेवलं. 'असन तं' सकट. शेजारच्या टेबलावरच्या भाऊंनी वाचून विचारलं, 'काय करून राहिले हो हे?'

वऱ्हाडीवरून आठवलं, आणि इथून तक्रारी सुरू. वऱ्हाडी बोलीवर मॅडमनी जो एक रविवार दिला तो पुरला नाही. त्यांचा मुद्दा बरोबर होता: बोली म्हणजे आवाज नव्हे. त्यासाठी त्यांनी दोन नमुने दिले. एक: 'पानी आलं नाई. येईन म्हन्ते. येईन तवा पाहू.' दुसरा: 'पानी आलं नाई वो बाई, येईन म्हन्ते, कवा येईन थे देवच जाने, अन् देवालेबी पुरते का नाई कोन जाने.' दोन्ही वऱ्हाडी, पण पहिल्याने हात झटकले आणि दुसरीला बोलायला कोणीतरी हवंय. ऐकून वर्ग हसला. आणि तीच माझी तक्रार. बोलीतला उतारा आला की लोक आधी हसतात, सूर नंतर ऐकतात, आणि एका रविवारात ही सवय मोडत नाही. निदान तीन रविवार आणि छापील पुस्तकांतले खरे उतारे हवेत, मॅडमनी रचलेले नव्हे. बाकीचे बहुतेक उतारे पुण्या-मुंबईच्या वळणाचे आहेत. नागपुरात बसून हे बरं दिसत नाही.

दुसरं, कविता एकही नाही. ज्या शहरात ग्रेस आणि सुरेश भट राहिले, तिथे आवाजावर आठ रविवार बोलायचं आणि कवितेला हात लावायचा नाही? मी विचारलं तर उत्तर मिळालं, कवितेत लोक लगेच फळ्यावरचे ते बंदीचे शब्द काढतात. असेल. पण मग तिथेच तर बोट ठेवायला शिकवायला हवं.

तिसरं, कूलर. बॅच उन्हाळ्यात असेल तर हा मुद्दा किरकोळ समजू नका. हॉलमध्ये एक जुना लोखंडी कूलर आहे, तो लावला की मॅडमचा आवाज ऐकू येत नाही आणि बंद केला की मे महिन्यात जीव जातो. सूर ऐकायच्या वर्गात ही अडचण लहान नाही. उपाय म्हणजे पुढच्या दोन खुर्च्या धरायच्या, त्यासाठी पावणेआठला पोहोचायचं. झेरॉक्सही फिकट असतात. एका उताऱ्यात 'च' होता की नव्हता यावर दहा मिनिटं वाद झाला आणि शेवटी तो शाईचा डाग निघाला.

कोणी जावं? स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांना चार पर्यायांतलं बरोबर उत्तर हवं असतं, आणि मॅडम पर्याय देत नाहीत; आमच्या बॅचमधले दोघं तिसऱ्या रविवारनंतर दिसले नाहीत. नेटवाला मुलगा टिकला, आता तोच सगळ्यांना 'बोट ठेवा' म्हणतो. पत्रकार, वकील, भाषांतर करणारे, शिक्षक यांनी डोळे मिटून जावं. स्वतः लिहिणाऱ्यांनी जरा जपून, कारण एका रविवारी प्रत्येकाने स्वतःच्या दहा ओळी नाव न घालता द्यायच्या असतात आणि बाकीचे त्यांवर बोट ठेवतात. बँकेतल्या ताईंच्या ओळी तीन जणांनी लगेच ओळखल्या. त्यांना ते आवडलं की नाही ते अजून कळलेलं नाही.

पाचपैकी चार तारे. एक तारा वऱ्हाडी आणि कूलर यांनी मिळून घालवला. नवीन बॅच दिवाळीनंतर आहे. फी पहिल्या दिवशी रोख; मॅडमकडे फोनवर पैसे घ्यायची सोय नाही आणि सुट्टे तर कधीच नसतात. गाडी गेटसमोर लावू नका, शेजारचे काका खाली येतात आणि त्यांचा सूर ओळखायला कोणत्याही वर्गाची गरज नाही.